तीन रविवारची हरकत

देवाने आमच्या मुलखात आजवर जितकी माणसे धाडली, त्यांत इथे राहायची सगळ्यांत कमी इच्छा असलेला आणि तरी सगळ्यांत लांब मुक्काम ठोकून बसलेला माणूस म्हणजे आमचे फादर. ‘आमचे’ हा शब्द मी तसा आगाऊपणानेच वापरतो. मी ख्रिस्ती नव्हे, तेव्हाही नव्हतो. धानोऱ्याकडच्या पाटील घराण्यातला साधा शेतकरी. मिशनच्या शेताला आणि माझ्या शेताला बांध एक, एवढेच काय ते नाते. पण बांधावरच्या शेजाऱ्याशी रोज भांडता येते, तशी सोय सोयऱ्याधायऱ्यांत नसते. फादर मूळचे वसईकडचे. समुद्रकाठी, केळीच्या वाडीत, ताज्या मासळीवर वाढलेला हा माणूस वरिष्ठांनी ऐन तारुण्यात उचलून सातपुड्याच्या पायथ्याशी, भिल्लांच्या वस्तीलगतच्या कौलारू देवळात आणून ठेवला आणि मग ते वरिष्ठ त्याला साफ विसरून गेले. फादर मात्र काही विसरले नव्हते. दरवर्षी नाताळ झाला की ते बिशपसाहेबांकडे बदलीचा अर्ज करीत. वसईला त्यांची म्हातारी आई होती, तिचे डोळे जात चालले होते, आणि ती पुरती आंधळी व्हायच्या आत आपण तिच्या दारात उभे राहावे, एवढेच त्यांना देवाकडे मागायचे होते. देवाकडे आणि बिशपसाहेबांकडे. दोघांचेही उत्तर येत नसे.

तोवर वेळ घालवायला तक्रार होतीच. सकाळी बांधावर भेटले की रामराम व्हायच्या आधी तक्रार. ‘‘हे काय ऊन आहे, पाटील? हे ऊन आहे की शिक्षा?’’ थंडीत थंडीची, पावसाळ्यात चिखलाची, आणि बारा महिने भाकरीची. भाकरी घशाखाली उतरत नाही, हे ते तिसरी भाकरी मोडताना सांगत. इथले पाणी जड, इथली हवा कोरडी, इथली बोली ओबडधोबड, इथला माणूस हट्टी. मी एकदा वैतागून म्हणालो, ‘‘फादर, इथलं चांगलं असं काहीच नाही का हो?’’ त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘‘चिंच बरी आहे. पण माशात घालायची असते ती.’’

मासे हा त्यांच्या काळजाचा विषय. तापीचा मासा मी हौसेने नेऊन दिला, तर ‘याला चिखलाची चव आहे’ म्हणून सगळा संपवून काटे परत दाखवले. वसईहून त्यांचा भाऊ अधूनमधून सुक्या बोंबलांचे पार्सल रेल्वेने धाडी. ते नंदुरबार स्टेशनावरून सोडवून घ्यायचे काम एका मारवाडी शेटजींकडे होते, कारण आमच्या भागातली सगळी पार्सले त्यांच्याच दुकानात येऊन पडत. शेटजी जैन. कांदा लसूणही घरात न येणारा तो सज्जन माणूस नाकाला उपरणे लावून ते पार्सल दुकानामागच्या लिंबाला टांगून ठेवी आणि येणाऱ्याजाणाऱ्याजवळ निरोप देई, ‘‘फादरसाहेब को बोलना, मेहमान आया है, जल्दी ले जावे.’’ पार्सल फादरांनी उचलल्यावर लिंबाखाली पाणी शिंपडले जाई. हे किती वर्षे चालले, पण शेटजींनी ‘दुसरा माणूस बघा’ असे कधी म्हटले नाही, आणि फादरांनी दिवाळीला त्यांच्या घरी जायचे कधी चुकवले नाही. जाताना मात्र आंघोळ दोनदा करून जात.

देवळात मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये चाले. ती लोक निमूट ऐकून घेत, कारण ती देवासाठी होती. प्रवचन लोकांसाठी होते, ते मराठीत असे, आणि त्यात समुद्र आल्यावाचून राहत नसे. वस्तीतल्या कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. येशूने कोळ्यांना जाळी टाकून मागे यायला सांगितले, ती गोष्ट फादर दरसाल सांगू लागत आणि दरसाल जाळ्यातच अडकत. कोणता मासा कोणत्या महिन्यात लागतो, पापलेट कसे ओळखावे, सुरमईला हळद किती लावावी, हे सांगता सांगता ऊन डोक्यावर येई, लहान पोरे भुकेने रडू लागत, आणि येशू बिचारा किनाऱ्यावर उभाच. एकदा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने, म्हणजे वस्तीच्या पुढाऱ्याने, हात वर करून विचारले, ‘‘बाबा, इतला चांगला मासा सोडीसन तो मानूस काबर गया?’’ फादरांनी टोपी काढून डोके पुसले. ‘‘बोलावलं म्हणून,’’ एवढेच म्हणाले आणि त्या दिवशी मिस्सा लवकर आटोपली.

वस्त्यावस्त्यांतून फिरण्यासाठी मिशनने त्यांना एक तट्टू दिले होते. पहिल्याच चढावर त्याला धाप लागलेली पाहून फादर खाली उतरले, ते पुन्हा कधी वर बसले नाहीत. पुढे लगाम धरून फादर, मागे तट्टू, तट्टावर औषधाची पिशवी आणि छत्री, अशी ती मिरवणूक डोंगर चढे. तट्टू दमले की फादर त्याच्यासाठी सावलीत थांबत. पिशवीतली औषधे माणसांची आणि बैलांची एकच होती, मात्रा तेवढी वेगळी. बैलाच्या पोटाला कान लावून ते डोळे मिटून ऐकत बसत; माझा ढवळ्या त्यांच्याशिवाय कुणाला पोटाला हात लावू देत नसे. मिस्सा झाली की देवळाच्या ओट्यावर बैलांचा दवाखाना भरे, म्हणून रविवारी मी लवकर जाऊन ओट्यावर बसे. त्यामुळे मी कुठला पंथ न बदलता जन्मभरात पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत.

आणि हरकती ऐकल्या आहेत. आता ही हरकतीची भानगड नीट सांगितली पाहिजे.

त्यांच्या धर्मात असा नियम आहे की, लग्न ठरले की वधूवरांची नावे ओळीने तीन रविवार देवळात पुकारायची आणि म्हणायचे, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने ती सांगावी. वसईला म्हणे हे वाचतात, लोक जांभई देतात आणि पुढे चालू. फादरांनीही आल्या आल्या पहिली पुकार त्याच समजुतीने वाचली. वाचून पान उलटतात तो निम्मे देऊळ उभे. आमच्याकडे वस्तीचे पंच बसले की प्रत्येकाने बोलायचे असते. गप्प बसणे म्हणजे त्या माणसाशी आपला संबंध नाही असे भर सभेत सांगणे. मग इतक्या अगत्याने विचारल्यावर हरकत न घेता घरी जायचे म्हणजे नवऱ्यामुलाच्या तोंडावर थुंकण्यासारखेच झाले. ‘‘मन्ही हरकत शे, बाबा,’’ नवऱ्यामुलाचा सख्खा मामाच म्हणाला, ‘‘हाऊ पोऱ्या आळशी शे. सकायले याले कोन उठाडी?’’ नवरीच्या मावशीची हरकत होती की, नवरी झोपेत बडबडते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. तिसऱ्याची हरकत, लग्न भाताच्या कापणीत ठरवले आहे, नाचायला कोण येईल? फादर लाल होऊन ओरडले, ‘‘अरे, ह्या काय हरकती आहेत? हरकत म्हणजे हरकत!’’

तेव्हा पुढच्या रांगेत भुईवर बसलेली रूमताबाय उठली. रूमताबाय ही वस्तीतली म्हातारी, अंगाने काडी आणि आवाजाने नगारा. तिचा एकुलता एक मुलगा सुरतेकडे गिरणीत कामाला म्हणून गेला होता, तो परतला नव्हता. एकटीच कापूस वेचून पोट भरी. ती फादरांना म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही रागे काबर भरतस? ज्यानं कोनीच नही, त्यानी हरकत कोनी लेत नही.’’ म्हणजे ज्याचे कोणीच नाही, त्याच्याच लग्नाला कोणी हरकत घेत नाही.

फादर खाली बसले. नियम तर त्यांनीच वाचला होता: हरकत आली की तिचा छडा लावल्याशिवाय लग्न लावायचे नाही. आणि नियमाच्या बाबतीत हा माणूस लोखंडी. तेव्हापासून दर पुकारीनंतर ओट्यावर एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला हरकती, असा दरबार भरू लागला. आळशी पोराला पहाटे देवळाची घंटा वाजवायचे काम दिले, हरकत मिटली. झोपेत बडबडणाऱ्या पोरीबद्दल नवऱ्याला विचारले, तो म्हणाला मी ठार झोपतो, हरकत मिटली. रूमताबायची तर प्रत्येक लग्नाला हरकत असे आणि ती सगळ्यांत शेवटी मिटे. ‘‘पाटील, हे लोक माझा जीव घेणार,’’ फादर मला म्हणत. पण एकदा एका अनाथ पोराचे लग्न ठरले आणि कुणीच उठेना, तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी पाहिले: फादरांनी रूमताबायकडे नुसते बघितले. ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि त्या पोराच्या पागोट्याच्या रंगाला तिने हरकत घेतली. पोराचा चेहरा असा खुलला, की काय सांगू.

अशी सगळी घडी बसलेली असताना, एका वर्षी कापसाच्या वेचणीत, बदलीचा हुकूम आला. वसईला जावे, आईजवळ राहावे, नवा तरुण फादर मागून पाठवतो. इतक्या वर्षांत एकही अर्ज न वाचणाऱ्या साहेबांना काय झाले, मला कळेना. फादरांनी हुकूम मला बांधावर दाखवला. मी म्हणालो, ‘‘सुटलात एकदाचे. ऊन गेलं, भाकरी गेली.’’ ते म्हणाले, ‘‘गेलीच.’’ आणि उगाचच माझ्या कापसाला नावे ठेवू लागले.

रविवारी पुकारीच्या वेळी त्यांनी लोकांना ही बातमी सांगितली. सांगितली ती ठरलेल्या जागी उभे राहून, ठरलेल्या सुरात, आणि सवयीने पुढचे वाक्यही तोंडातून गेले: ‘‘याला कोणाची हरकत असेल तर त्याने ती सांगावी.’’ बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. पण उशीर झाला होता. मी ओट्यावरून पाहत होतो. सगळे देऊळ उभे. दाराशी टेकलेला तो आळशी घंटावालासुद्धा उभा.

कारभाऱ्याची हरकत नारळाची. फादरांनी इथे आल्याच्याच वर्षी हौसेने वसईचा नारळ लावला होता. तो ताडमाड वाढला, पण एक नारळ धरला नाही. ‘‘झाड लावं तुम्ही, आनि जाई ऱ्हायनात फय न खाता. हाई काय रीत शे?’’ एकीची सून गरोदर होती. बाळाला फादरांच्याच हातून बाप्तिस्मा घ्यायचे ठरले होते, आणि बाळाला तर अजून महिने होते. एकाने तट्टाचा प्रश्न काढला: त्याच्यावर बसायची कुणाला सवय उरलेली नाही, आणि त्यालाही कुणी बसू देण्याची, नव्या फादराचे आणि त्याचे कसे जमणार? रूमताबाय शेवटी उठली. तिची हरकत सगळ्यांत लहान होती. ‘‘मन्ही माती कोन देई?’’ म्हणजे मी मेले तर मला मूठमाती कोण देणार?

मला वाटले, फादर हसून आशीर्वाद देतील आणि सामान बांधतील. कसले! त्यांनी ओट्यावर दरबार मांडला. गाडीचा दिवस होता तो पुढे ढकलला. गरोदर सुनेला समजावले, तट्टू कारभाऱ्याच्या हवाली केले, नारळाखाली स्वतः खत घातले. आठवडा त्यात गेला. पुढच्या रविवारी लोकांनी नव्या हरकती आणल्या, आणि जुन्यांतल्या निम्म्या अजून मिटल्या नाहीत असे सांगितले. लोक खूश होते. फादरांना अडवायची इतकी नामी युक्ती खुद्द फादरांनीच दिली होती.

त्या दिवशी बैल सोडता सोडता मी भडकलो. ‘‘फादर, हे काय लग्न आहे? चला उठा. मी गाडी जुंपतो, संध्याकाळच्या आत स्टेशनावर टाकतो तुम्हाला.’’ ते म्हणाले, ‘‘मी विचारलं ना, पाटील? विचारलं की ऐकून घ्यावं लागतं. नाही तर विचारू नये.’’ मी म्हणालो, ‘‘आणि म्हातारी तिकडे...’’ त्यावर ते ढवळ्याच्या पोटाला कान लावून बसले आणि तसेच, डोळे मिटलेले, म्हणाले, ‘‘तार आलीय भावाची. आईने अंथरूण धरलंय. माझं नाव घेते म्हणे सारखं.’’ मी विचारले, हे लोकांना का सांगत नाही? ‘‘सांगितलं की ते गप्प बसतील. म्हणजे मी त्यांची तोंडं दाबल्यासारखंच झालं ते.’’ असल्या माणसाशी बोलायचे काय? मी तिरमिरीत बैल घेऊन निघालो.

मला कुणी गप्प राहायला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी सरळ रूमताबाय कापूस वेचत होती त्या शेतात गेलो आणि बांधावरूनच ओरडलो, ‘‘बाय, तुमना हरकतीसपायी त्यानी माय मरी जाई! तार येयेल शे, ठाऊक शे का?’’ तिने मान वर केली नाही. बोंडातून कापूस काढत राहिली. एक ओळ संपवून दुसऱ्या ओळीला लागली, मग विचारले, ‘‘माय नाव लेस त्यानं?’’ मी म्हणालो, ‘‘सारखं लेस.’’ तिने वेचलेला कापूस झोळीत टाकला. मीही परत आलो. येताना माझा राग गेला होता आणि त्याच्या जागी जे आले होते ते रागाहून वाईट होते.

तिसरा रविवार. देऊळ भरून लोक ओट्यावर आले होते, मला बसायला जागा नव्हती. मिस्सा झाली. फादर ठरलेल्या जागी उभे राहिले, आणि नियम तीन रविवारांचा म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा विचारले, कोणाची हरकत असेल तर सांगावी.

कोणी उठले नाही.

कारभारी जमिनीकडे पाहत होता. गरोदर सून पदर चावत होती. एवढ्या माणसांत एक पोर रडले नाही. फादर वाट पाहत राहिले. त्यांनी एका रांगेकडून दुसऱ्या रांगेकडे बघितले, मग दारातून बाहेर, ओट्यावर. चेहरा असा उतरला होता, की मला बघवेना. ज्या माणसाने हरकतींपायी इतकी वर्षे कपाळ बडवून घेतले, तोच माणूस हलक्या आवाजात विचारीत होता, ‘‘का रे? कोणाचीच नाही?’’

तेव्हा रूमताबाय उठली. तिचा तो नगाऱ्यासारखा आवाज त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे. ‘‘हरकत शे, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘समदासनी शे. पन आम्ही सांगत नही.’’

फादरांनी तोंडावरून हात फिरवला. आशीर्वादाला उचललेला हात मध्येच राहिला, आणि ते पाठ फिरवून वेदीकडे तोंड करून उभे राहिले. लॅटिनमध्ये त्याला काही नाव असेल तर मला माहीत नाही.

त्याच दुपारी मी गाडी जुंपली. सारी वस्ती नंदुरबारपर्यंत चालत आली. शेटजी स्टेशनावर आधीच हजर होते, प्रवासासाठी दशम्यांचा डबा घेऊन. फादरांनी डबा घेतला आणि त्या भल्या माणसाला सगळ्यांच्या देखत मिठी मारली. शेटजींनी नाकाला उपरणे लावले खरे, पण ते रडणे लपवायला. मला फादर एवढेच म्हणाले, ‘‘ढवळ्याला ओला कडबा घालू नका. सांगून ऐकणार नाही तुम्ही.’’ गाडी सुटली, लोक रुळांच्या कडेने चालत राहिले आणि सिग्नलपाशी थांबले.

पुढची हकीकत नव्या फादरांनी येऊन सांगितली. तेही वसईचेच, फादरांच्या शेजारच्या आळीतले. म्हणाले, म्हातारी जिवंत होती, दृष्टी मात्र पार गेली होती. आमचे फादर खाटेजवळ गेले, तिचा हात धरला, आणि इतक्या वर्षांनी आईशी बोलायला तोंड उघडले ते ‘‘माय, मी उनू’’ म्हणत, म्हणजे आमच्या बोलीत ‘आई, मी आलो’. घरातली माणसे एकमेकांकडे बघू लागली, ही भाषा कुठली? म्हातारीही म्हणे क्षणभर गोंधळली. मग तिने त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कानाची पाळी चाचपली, आणि हात काही सोडला नाही.

ओट्यावर आम्ही सगळे हसलो. ज्या बोलीला त्यांनी जन्मभर नावे ठेवली तीच ऐन वेळी तोंडात आली, म्हणून कारभारी तर मांडीवर थाप मारून हसला. रूमताबाय तेवढी हसली नाही. तिने विचारले, ‘‘म्हंजे मायनी वळखं त्याले?’’ नवे फादर म्हणाले, हो, ओळखलं. ‘‘मंग बरं व्हयनं,’’ ती म्हणाली, आणि कापसाची झोळी कमरेला बांधून शेताकडे चालू लागली. वाटेवर सुरतेकडचा रस्ता फुटतो तिथे ती जराशी थांबली, डोळ्यांवर हात धरून लांबवर पाहिले, आणि मग शेतात उतरली.